लाल टॅग

आमच्या घरात पंचावन्न इंची टीव्ही आहे. कॉलनीतले लोक पाहुण्यारावळ्यांना तो दाखवायला घेऊन येतात. त्याला विजेचा कसला धक्का लागलेला नाही, त्याच्यावर ओरखडा नाही, आणि त्याच्यावर आजवर कुणी धड काही पाहिलेलंही नाही. तो असा नवाकोरा कसा राहिला ते आता मी सांगते, कारण हे सांगतात ती हकिगत वेगळी आहे.

हे म्हणजे ढुंढिराज, माझे यजमान. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात चौतीस वर्षं इलेक्ट्रिकल तपासणीला होते. सकाळची सहा चाळीसची कंपनीची बस त्यांनी कधी चुकवली नाही. तेजश्री झाली त्या दिवशीही नाही. मी दवाखान्यात होते आणि हे बसमध्ये. संध्याकाळी येऊन त्यांनी पोरीचं वजन विचारलं आणि डायरीत लिहून ठेवलं.

कारखान्यात त्यांचा एक नियम होता. विमानाच्या पोटात शिरून कुणी वायरींचं काम करत असेल, तर बाहेरच्या स्विचवर लाल टॅग लावायचा. त्यावर तारीख, नाव, सही. ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. मोठा साहेब आला तरी त्याने हात लावायचा नाही. जेवताना हे मुलांना अभिमानाने सांगायचे, "बाहेरच्याला दिसत नाही, पण आत माणूस असतो." नियम चांगलाच आहे. त्याने कितीतरी जणांचे जीव वाचले असतील, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार अशी की निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, आणि हे टॅगांचा अख्खा गठ्ठा घेऊन आले. मग आमच्या इंदिरानगरच्या रो-हाऊसमध्ये गिझरवर टॅग, इस्त्रीवर टॅग, पाण्याच्या मोटरवर टॅग. एकदा मिक्सरवर लावला तेव्हा आत अर्धवट वाटलेली चटणी होती. ह्यांचं समाधान होईपर्यंत दोन दिवस ती आतच राहिली. मी हसण्यावारी नेत गेले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हसण्यावारी नेण्याचा मला भरपूर सराव झाला होता.

आता माझ्या डोळ्यांचं सांगते. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग झिजत जायचा रोग मला आहे. कडेचं दिसत राहतं, समोरचं जातं. डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला. जानेवारीत उजव्यातही सुरू झालं. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं ठरलं. डॉक्टर भले होते, त्यांनी लपवलं नाही. "काकू, इंजेक्शननं वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही. मोठ्या पडद्यावर अजून काही महिने चेहरे ओळखू येतील. बघायचं ते आत्ता बघून घ्या."

ह्यांनी त्यातलं "वेग कमी होईल" एवढंच ऐकलं. मी उरलेलं सगळं ऐकलं.

आणि मला काय बघायचं होतं, ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तेजश्री मेलबर्नला असते. लग्नानंतर अकरा वर्षांनी, फेब्रुवारीत, तिला मुलगी झाली, साक्षी. दर महिन्याच्या इंजेक्शनमुळे मला जाता येईना, आणि इतक्या लहान बाळाला घेऊन तिला येता येईना. फोनवर ती म्हणाली, "आई, हिच्या हनुवटीला खळी आहे गं. आजीसारखी." आजी म्हणजे माझी आई. आई जाऊन तीस वर्षं झाली. तिची ती खळी माझ्याकडे आली नाही, तेजूकडे आली नाही, आमच्या घरात कुणाकडेच आली नाही. म्हटलं, बाई गं, इतक्या लांबून कुठे जाऊन उगवलीस. मला ती खळी बघायची होती. पोर हसताना बघायची होती. याहून जास्त मी काही मागितलं नव्हतं.

मोबाइलवर ते जमत नव्हतं. त्या एवढ्याशा काचेवर मला पोरीच्या जागी एक पांढुरका ठिपका दिसायचा. मयुरेशने, माझ्या मुलाने, पुण्याहून एक फोटो मोठा करून पाठवला. त्यात पोर टोपीत, दुपट्यात गुंडाळलेली, झोपलेली आणि हनुवटी दुपट्याच्या आत. कोबीचा गड्डा पाहिल्यासारखं मी तो फोटो पाहिला आणि ठेवून दिला. मग गुढीपाडव्याला मयुरेशने हा टीव्ही घरी पाठवला. सोबत आवाजाचा लांबट स्पीकर आणि टीव्हीवर बसवायचा छोटा कॅमेरा. म्हणाला, "आई, दर रविवारी सकाळी तेजू यावर येईल. दोन फुटांवर खुर्ची टाकून बस." मी त्या दिवशी श्रीखंड केलं होतं. टीव्ही भिंतीवर चढला तेव्हा मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

बसवणारा माणूस स्विच लावायला गेला, तर हे मध्ये उभे राहिले. "अर्थिंग तपासल्याशिवाय नाही," म्हणाले. त्याला चहा पाजून वाटेला लावला आणि स्विचवर लाल टॅग लटकवला. तारीख, नाव, सही.

"किती दिवस?" मी विचारलं.

"अगं, बिल्डरनं अर्थिंगची वायर नुसती भिंतीत सोडलीये. खाली जमिनीत काही नाहीच. दिवसातून शंभर वेळा वीज वरखाली होते, तुला कळत नाही एवढंच. असल्या नाजूक वस्तूला बारीक बारीक धक्के बसत राहतात. वरून काही दिसत नाही, आतून ती खलास होत जाते."

हे मला ऐकवत होते, आणि कशाबद्दल तर टीव्हीबद्दल.

अर्थिंगसाठी जमिनीत आठ फूट खड्डा घ्यायचा, त्यात तांब्याची प्लेट उभी पुरायची, भोवती मीठ आणि कोळसा भरायचा. मग विजेचा जादा लोंढा आला तर तो टीव्हीत न शिरता जमिनीत उतरतो. इतकं मला आता पाठ झालंय. आमच्या दारात खड्डा घेता येईल अशी मोकळी जागा एकच होती, आणि तिथे माझा मोगरा होता. सोळा वर्षांचा. खणायला मंगळू आला. तो पेठच्या बाजूचा, कॉलनीत बागेची कामं करतो. कुदळ हातात घेऊन थांबला.

"काकू, ह्या मोगऱ्याला लय फुलं येत्यात. दुसरीकडं खणू का?"

"दुसरीकडे फरशी आहे," हे म्हणाले.

मोगरा कुंडीत हलवला. तो आठवड्यात वाळला. खड्डा मात्र छान झाला.

पुढे उन्हाळा आला. ह्यांनी कारखान्यातल्या एका जुन्या मित्राकडून अर्थिंग मोजायचं यंत्र आणलं होतं. जमीन कोरडी असली की त्याचा आकडा वर जातो, म्हणून खड्ड्यात रोज दोन बादल्या पाणी ओतायचं. ते ओतायचं कुणी, तर मी. नळाला पाणी सकाळी तासभर, शनिवारी तेही नाही. माझी जास्वंद सुकली, तुळस कशीबशी तगली, आणि खड्डा प्यायला. कमरेवर बादली घेऊन अर्ध्या डोळ्याने पायरी चाचपत उतरताना मला वाटायचं, आपण कुणाची एवढी सेवा करतोय. पण करत होते, कारण आकडा खाली आला की टॅग निघणार होता. साक्षी तेव्हा तीन महिन्यांची झाली होती आणि तेजू म्हणत होती की ती आवाजावर हसायला लागली आहे.

ह्यांच्या दोन वह्या होत्या. एकीत अर्थिंगचं रीडिंग. दुसरीत माझ्या डोळ्याचं. डॉक्टरांनी चौकटी-चौकटींचा एक कागद दिला होता. तो फ्रिजवर लावलेला होता. रोज सकाळी चष्मा लावून, डावा डोळा झाकून, त्याच्या मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि रेषा सरळ दिसतात की वाकड्या ते सांगायचं. हे समोर पेन घेऊन उभे.

"रेषा?"

"मधल्या चार घरांत वाकड्या."

"काल तीन म्हणालीस."

"काल तीन होत्या."

हे लिहायचे. मग बाहेर जाऊन खड्ड्याचं रीडिंग घ्यायचे आणि तेही लिहायचे. एका वहीत आकडा खाली येत होता, दुसरीत वर जात होता. दोन्ही वह्या एकाच टेबलावर, एकाच पेनने लिहिलेल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून बघावं असं ह्या माणसाला एकदाही सुचलं नाही. मी हे रागाने म्हणते आहे, आणि राग आहेच.

डोळ्यात टाकायच्या औषधाची वेळ मात्र ह्यांनी कधी चुकवली नाही. इंजेक्शनची तारीख आली की तासभर आधी स्कूटर पुसून तयार. बाहेरच्या लोकांना हे दिसायचं. "काका किती करतात तुमचं," म्हणायचे. काय बोलणार? करत होतेच.

मे अखेरीस खड्ड्याचं रीडिंग ह्यांच्या मनासारखं आलं. मला वाटलं, सुटले. स्टॅबिलायझर आला, त्यापुढे स्पाईक गार्ड आला, हिरवा दिवा लागला, टॅग निघाला. टीव्ही सुरू झाला तो फक्त कंपनीचं नाव दिसण्यापुरता, कारण स्पीकरमधून बारीक घूंऽऽ असा आवाज येत होता. मला तो आधी ऐकूही आला नाही. ह्यांनी हात वर केला, डोळे मिटले, पाच मिनिटं ऐकलं आणि टीव्ही बंद केला.

"लाइनमध्ये गोंगाट आहे. कुठून तरी घाण येतीये. शोधावी लागेल."

"येऊ दे की घाण. मला तेजूशी बोलायचंय, गाण्याची मैफल नाही ऐकायची."

"आज घूं येतोय, उद्या बोर्ड जाईल," म्हणाले, आणि टॅग परत लागला.

मग आवाजाचा शोध. पंखा बंद करून ऐक, फ्रिज बंद करून ऐक. डिशची वायर काढ, घाल. दर वेळी टीव्ही मिनिटभर लागायचा आणि मी धावत खुर्चीवर जाऊन बसायचे, की बंद. दुसऱ्याच दिवशी मी सांगितलं होतं, "अहो, देवघरातली दिव्यांची माळ लावली की घूं होतं. सकाळी पूजेच्या वेळीच होतं." मयुरेशने गेल्या वर्षी गणपतीला आणलेली पन्नास रुपयांची लुकलुकणारी माळ. हे म्हणाले, "माळेचा काय संबंध?" सप्टेंबरमध्ये ह्यांनी स्वतः शोध लावला की घूं माळेमुळे होतं. वहीत तारखेसकट लिहिलं. तोपर्यंत साक्षी पालथी पडून रांगायला लागली होती.

मयुरेश फोनवर चिडायचा. "बाबा, लावा ना आता. तो टीव्ही मी शोभेला दिलाय का?" हे शांतपणे म्हणायचे, "तू दिलास. जपायचा मला आहे." आणि पावसाळा होताच. गंगापूर धरणाकडे ढग दिसले तरी आमच्याकडे सगळे प्लग बाहेर. नाशिकच्या पावसात ढग नसलेला रविवार किती वेळा येतो ते तुम्हीच मोजा.

एकदा मी टॅग काढला. ऑगस्टमधला रविवार, लख्ख ऊन, हे बँकेने भरवलेल्या कुठल्याशा ज्येष्ठांच्या शिबिराला गेलेले. तेजूला फोन करून म्हटलं, पोरीला कॅमेऱ्यासमोर धर, मी लावतेय. टॅग काढला, स्विच दाबला, खुर्चीवर बसले. पडदा काळाच. परत दाबला. काळाच. मी जवळ गेले, मान तिरकी केली, चष्मा पुसला. फोनवर तेजू विचारत होती, "आई, दिसतंय का?" आणि मला वाटलं, गेला. उजवाही गेला, आज, आत्ता, आपण उशीर केला. दहा मिनिटं मी त्या काळ्या काचेसमोर बसले होते. मग हाताला लागलं की वायरीच्या टोकाला प्लगच नाही. ह्यांनी तो कापून ठेवला होता, खबरदारी म्हणून; आवाज तपासायचा असला की वायर तेवढ्यापुरती जोडून घ्यायचे.

हे घरी आले, टॅग खाली पडलेला पाहिला, उचलून जागेवर लावला. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नियम मी मोडला होता ना.

त्यानंतर मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. घरातली गोष्ट बाहेर नेली. शेजारची शुभांगी, माझ्या मुलीच्या वयाची, शाळेत शिकवते. तिच्याकडे जाऊन म्हटलं, "तुझ्या टीव्हीवर मला रविवारी तासभर नात बघू देशील का?" हे बोलताना मला जी लाज वाटली ती मी कुणाला सांगू शकत नाही. स्वतःच्या घरात पंचावन्न इंची टीव्ही असलेली बाई शेजारणीकडे त्रेचाळीस इंची मागत होती. शुभांगीने एक प्रश्न विचारला नाही. "काकू, रविवारी नऊला या, मी मोबाइलचं सगळं जोडून ठेवते," म्हणाली. तेव्हा ऑक्टोबर सुरू झाला होता. चौकटीच्या कागदावर मधली बारा घरं वाकडी होती आणि एक काळं. ह्यांच्याकडे समोरून पाहिलं की नाक नसायचं. पण मान तिरकी करून, डोळ्याच्या एका कोपऱ्यातून, मला अजून चेहरा धरता यायचा.

रविवार यायचा होता. शुक्रवारी दुपारी परतीच्या पावसाचं वादळ आलं. कोपऱ्यावरच्या गुलमोहराची फांदी डीपीजवळच्या तारांवर पडली आणि न्यूट्रलची तार तुटली. घरात दोनशे तीस व्होल्टच्या जागी चारशेच्या आसपास वीज शिरली. आमच्या दोन ट्यूब फुटल्या. फ्रिजचा स्टॅबिलायझर धूर सोडून जळला, पण फ्रिज वाचवून गेला. कॉलनीत नऊ टीव्ही गेले. त्यातला एक शुभांगीचा.

संध्याकाळी हे घरोघर फिरून आले आणि दारात पाय पुसत म्हणाले, "नऊ गेले. आपला वाचला."

त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही. पण आवाज ओळखीचा होता. मयुरेशला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा ह्यांचा असा आवाज होता.

दुसऱ्या दिवशी लोक खड्डा बघायला आले. कॉलनीचे सेक्रेटरी, मागच्या गल्लीतले दोघे, शुभांगीचा नवरा. हे खड्ड्यावरचं झाकण उचलून समजावत होते, मीठ किती, कोळसा किती, पाणी रोज. मी आतून चहाचे कप आणून ठेवले. सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुमच्यासारखा जाणता माणूस हवा कॉलनीला."

"खड्ड्यानं नाही वाचला," मी म्हटलं. "बंद होता म्हणून वाचला. दुकानात खोक्यात ठेवलेले पण वाचले असतील."

जमलेले लोक हसले. त्यांना वाटलं, काकू गंमत करताहेत. हे हसले नाहीत. म्हणाले, "आणि बंद का होता? टॅग होता म्हणून."

आणि ते खरंच होतं. त्या रविवारी नऊ वाजता मी देवघरात बसून राहिले. शुभांगी येऊन माझा हात धरून बसली आणि तिनेच माफी मागितली, जणू फांदी तिने पाडली होती.

दिवाळीपर्यंत काळी घरं नऊ झाली. समोर पाहिलं की मधोमध राख लावून पुसल्यासारखं काहीतरी, आणि ते नजर जाईल तिथे जायचं. ताटातल्या भाताकडे पाहिलं की भातावर, देवाकडे पाहिलं की देवावर. आता मान तिरकी करूनही चेहरा धरता येईना. ह्यांना मी सांगितलं. ह्यांनी वहीत लिहिलं आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख दोन दिवस अलीकडे घेतली.

पाडव्याला सकाळी ह्यांना ओवाळायचं होतं. मी तबक घेऊन उभी राहिले. कपाळ कुठे आहे ते हाताने चाचपून कुंकू लावलं, तरी ते भुवईवर गेलं असावं, कारण हे रुमालाने पुसत होते. ओवाळून झाल्यावर तबकात काही पडल्याचा आवाज आला नाही. हे मला हाताला धरून टीव्हीजवळ घेऊन गेले.

"ही तुझी ओवाळणी," म्हणाले. "पाऊस संपला, लाइन स्वच्छ, रीडिंग पाव ओहम. नवा प्लग बसवलाय. आता दहा वर्षं चिंता नाही."

आणि ह्यांनी टॅग काढला. माझ्या हातात दिला, कारण ती ओवाळणी होती. ह्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला त्या क्षणी ह्यांची दया आली. ह्यांना खरंच वाटत होतं की आपण बायकोला काहीतरी दिलं.

मी खुर्चीवर बसले, पडद्यापासून दोन फुटांवर. तिकडे दुपार होती. टीव्ही लागला, घूं नाही, काही नाही, तेजूचा आवाज तर खोलीतच असल्यासारखा. "आई, ही बघ. साक्षी, आज्जी बघ." पडद्याच्या कडा मला दिसत होत्या. मागे खिडकीचा निळा पडदा होता. तेजूचं मनगट होतं, त्यात बांगडी होती. खाली पोरीचा एक पाय होता, मोजा अर्धा निघालेला. आणि मधोमध, जिथे चेहरा असायला हवा, तिथे राख. मी डावीकडे पाहिलं, राख डावीकडे आली. वर पाहिलं, वर आली. पोर हसली. ते मला ऐकू आलं.

"आई, दिसतेय का गं?"

"दिसतेय," मी म्हटलं. "गोड आहे."

दुसरं काय सांगणार होते? तिने नऊ महिने वाट पाहिली होती.

मग मी हळूच, तेजूला ऐकू जाणार नाही असं, ह्यांना विचारलं, "अहो, हनुवटीला खळी आहे का? आईसारखी आहे का हो?"

ह्यांचा आवाज खालून आला. हे स्टॅबिलायझरपाशी उकिडवे बसले होते.

"दोनशे एकतीस," म्हणाले. "काटा हलत नाहीये बघ."

बोलणं संपलं, पडदा बंद झाला. हे वही आणायला आत गेले. मी उठले, टॅगच्या कोऱ्या बाजूवर पेनने मोठ्या अक्षरांत माझं नाव लिहिलं, हाताच्या अंदाजाने तारीख घातली आणि स्विचवर अडकवला. हे परत आले ते तिथेच थबकले.

"कुसुम, हे काय?"

"टॅग आहे. माझ्या सहीचा."

"कशासाठी पण? आता तर सगळं ठीक झालंय."

"तुम्हीच सांगायचात ना. बाहेरच्याला दिसत नाही, पण आत माणूस असतो."

ह्यांनी वाकून टॅगवरची तारीख वाचली. मग म्हणाले, "बरं." वही टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

त्याला आता सात आठवडे झाले. खड्ड्यात मी पाणी ओतत नाही. ते हेच ओततात, सकाळी, दोन बादल्या. मयुरेशने विचारलं तर सांगितलं, आईने टॅग लावलाय. तेजूशी मी फोनवर बोलते, तिला अजून खरं सांगितलेलं नाही. टीव्ही हे रोज पुसतात, स्विचच्या भोवतीही पुसतात, टॅगला धक्का न लावता.

खरं सांगू, मी तो लावला तेव्हा मला वाटलं होतं की हे चिडतील. ओरडतील, टॅग ओरबाडून फेकून देतील आणि म्हणतील, खड्ड्यात गेला नियम, चल, बस इथे, पोरगी कशी दिसते ते मी सांगतो तुला, खळी आहे की नाही ते सांगतो. चव्वेचाळीस वर्षांत एकदा तरी. रोज सकाळी हे बाहेर पाणी ओतत असतात तेव्हा मी भिंतीला धरून बोर्डापाशी जाते आणि हाताने चाचपून बघते. टॅग तिथेच असतो.